जिप्सीचा ट्रान्सफर उतरतो तेव्हा

मारुती जिप्सीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या मागे, चासीला तीन रबरी माउंटिंगवर टांगलेली अ‍ॅल्युमिनियमची एक पेटी असते. पुस्तकात तिला ट्रान्सफर केस म्हणतात, गॅरेजात नुसता ‘ट्रान्सफर’. गिअरबॉक्सची ताकद एका आखूड शाफ्टने या पेटीत येते आणि तिथून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे, एक पुढच्या चाकांकडे जातो. बऱ्याच फोर-बाय-फोर गाड्यांत ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या पाठीलाच जखडलेला असतो; जिप्सीत तो सुटा आहे. ही रचना सुझुकीच्या एसजे मालिकेकडून आली. १९८५ साली ९७० सीसीच्या इंजिनासह आलेल्या पहिल्या जिप्सीत ती होती आणि १९९६ च्या १३०० सीसीच्या किंगमध्येही तीच राहिली. सुटेपणाचा फायदा असा, की गिअरबॉक्सला हात न लावता ट्रान्सफर खाली घेता येतो. तोटा असा, की तेल बाहेर पडायला आणखी एक तोंड वाढतं.

गाडी फक्त मागच्या चाकांवर चालत असली तरी जिप्सीच्या ट्रान्सफरमधून ताकद सरळ पार होत नाही. वरच्या शाफ्टवरून मधल्या गिअरवर, तिथून खालच्या शाफ्टवर, असे दात्यांना दाते घासत ती उतरते. किंग मॉडेलमध्ये ‘हाय’चा गुणक सुमारे १.४ आणि ‘लो’चा २.२७. म्हणजे गाडी हलली की हे गिअर फिरणारच, मग फोर-व्हीलचा दांडा ओढलेला असो वा नसो. त्या सगळ्या घासण्याला पुरायचं असतं ते आतलं जेमतेम आठशे मिली तेल. चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजातले मिस्त्री हा आकडा गाडीमालकाला आधी सांगतात, बाकीचं नंतर. “आठशे मिली तर हाय पूरं तेल. त्यातलं किती जाऊ द्याचं?”

मोहर्ली हे ताडोबाच्या जंगलात शिरायचं एक दार. उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड आणि चालक, अशी सकाळ-संध्याकाळची फेरी हंगामभर चालते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, रस्ता मातीचा आणि वेग कमी. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगते, थांबते, मागे घेते, पुन्हा रांगते. पोटाखाली वारा लागत नाही आणि लागते ती धूळ. मंगळवारी जंगलाला सुट्टी असते, पण एका मंगळवारात ट्रान्सफर उतरवून, उघडून, सामान आणून पुन्हा चढवणं जमेलच असं नाही. त्यामुळे हंगामात गळणारी जिप्सी वरून तेल ओतून चालवली जाते. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, तेव्हा या गाड्या गॅरेजच्या दारात उभ्या राहतात. बफरमधल्या काही फेऱ्या पावसाळ्यातही चालू असल्याने सगळ्यांना ही उसंत मिळत नाही.

गळती कुठून आहे हे ठरवणं हा कामाचा पहिला भाग, आणि बरेच जण तोच टाळतात. ट्रान्सफरच्या पुढच्या अंगाला तेल दिसलं म्हणजे ट्रान्सफरच गळतोय असं नसतं. गिअरबॉक्सच्या मागचं सील गेलं असेल तर तिथलं तेल आखूड शाफ्टवरून उडत येऊन ट्रान्सफरच्या तोंडावर बसतं. दोन्हीकडे गिअर ऑइलच, त्यामुळे रंग आणि वास काही सांगत नाहीत. सांगते ती पातळी. भरणीचा नट उघडून करंगळी आत घालायची. बोटाचं टोक भोकाच्या काठाशी ओलं झालं तर तेल पूर्ण आहे. दोन्ही पेट्यांची पातळी अशी पाहिली की चोर सापडतो. दुसरी खूण वर असते. शाफ्ट ज्याला जोडतात तो फिरणारा फ्लँज गळलेलं तेल गोल उडवतो, म्हणून नेमक्या त्याच्या डोक्यावर फ्लोअरच्या पत्र्यावर काळा, ओला पट्टा उमटतो. पट्टा आहे तिथलं सील गेलेलं. पण त्यावर धुळीचा थर इतका जाड चढतो, की आधी डिझेल आणि ब्रशने पोट धुऊन, गाडी एकदा फिरवून आणून मग पाहावं लागतं.

इथे मालक आणि मिस्त्री यांचं जमत नाही. मागचं किंवा पुढचं सील ट्रान्सफर गाडीवर असतानाही बदलता येतं. शाफ्ट सोडा, फ्लँजचा नट काढा, जुनं सील उचकटा, नवं ठोका. मालकाला हे माहीत असतं आणि त्याचं म्हणणं चूकही नसतं. मिस्त्रींचं म्हणणं वेगळं. “सील बदलून देतो भाऊ, पण ते काहून गेलं ते पाहू द्या.” पाठीवर झोपून, तोंडावर माती झेलत, फ्लँजच्या मागची दोन बोटांची जागा नीट दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती तपासली असं म्हणण्यात अर्थ नाही. गाडीखाली पडलेल्या मिस्त्रीचे हात पाहिले की त्यांची बाजू पटते.

उतरवण्याचं काम सरधोपट आहे. गाडी घोड्यांवर घेतात, चाकांना दगड लावतात. तळाचा नट सोडण्याआधी भरणीचा नट उघडतो की नाही ते पाहतात. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी तिथेच अडकली. मग तेल काढणं, स्पीडोमीटरची केबल आणि फोर-व्हीलच्या दिव्याची वायर सोडणं, आत बसून दांड्याचं रबर वर करून दांडा उपसणं. तिन्ही शाफ्टच्या जोडांवर पंचने समोरासमोर ठिपके मारतात, म्हणजे ते परत जसेच्या तसे बसतात. ठिपके न मारता चढवलेला शाफ्ट कधीकधी थरथर धरतो आणि मग दोष नव्या सीलवर येतो. शेवटी खाली जॅक लावून तिन्ही माउंटिंगचे नट काढले की पेटी खाली येते.

तेल काढताना येणारा वास मात्र लवकर सुटत नाही. दाबाखाली दाते एकमेकांना खाऊ नयेत म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं घातलेली असतात. तळाचा नट निघाला की तो उग्र, सडका वास गॅरेजभर पसरतो आणि कपड्यांतून घरी जातो. हाताखालचा पोरगा नाक मुरडतो. मिस्त्री त्याच तेलात दोन बोटं बुडवून अंगठ्याने चोळतात. करडी, मऊ पेस्ट लागली तर ती झिजेची, चालायचीच. कडक कण टोचले तर एखादा दाता किंवा बेअरिंग सुटतंय. तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर नाल्याचं पाणी आत गेलं आहे. आणि तेल किती निघालं हेही भांड्यात मोजतात. आठशे मिलीऐवजी तीनशे निघालं, तर बाकीचं जंगलाच्या रस्त्यावर आणि फ्लोअरच्या पत्र्यावर गेलेलं असतं.

बाकावर पेटी धुऊन ठेवली की फ्लँज. तो शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून भोकं पाडलेली लोखंडी पट्टी त्याला बोल्टने अडकवतात आणि नट सोडतात. फ्लँज निघाला की मिस्त्री तो चिंधीने पुसतात आणि जिथे सीलचा ओठ टेकतो त्या भागावरून नख फिरवतात. या सगळ्या कामातली निकालाची जागा ही. वर्षानुवर्षं ओठ एकाच रेषेवर घासला आणि त्यात बारीक धूळ अडकत गेली, की रबर मऊ असूनही पोलादाला चर पडते. डोळ्याला ती चकचकीत अंगठीसारखी दिसते. खोली नखालाच कळते. नख अडलं, तर नवं सील त्याच चरीवर बसून थोड्याच दिवसांत पुन्हा ओलं होणार. हंगामात जागेवरच बदललेल्या सीलांचं बहुतेक असंच होतं, आणि माल डुप्लिकेट होता म्हणून दुकानदाराला शिव्या पडतात.

चरीवर उपाय तीन. नवा फ्लँज, पण जिप्सी बनणं बंद झाल्यापासून तो हाताशी मिळेलच असं नाही. लेथवर देऊन झिजलेल्या जागी पातळ बाही चढवणं, पण लेथवाल्याचा हात चांगला हवा. किंवा सील त्याच्या जागेत थोडं कमी खोल बसवणं, म्हणजे ओठ चरीशेजारच्या कोऱ्या भागावर टेकतो. तिसरा उपाय फुकटचा असतो आणि जागा असेल तर चालतोही. पॉलिश पेपरने चर ‘काढणं’ हा उपाय नव्हे. त्याने व्यास कमी होतो आणि ओठाची पकड आणखी ढिली पडते.

त्यानंतर बेअरिंग. शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवून पाहतात. शाफ्ट हलत असेल तर ओठ कितीही नवा असो, तो त्या डुलण्यामागे धावू शकत नाही. तिथे आधी बेअरिंग बदलतं.

सील हे तसं साधं काम करणारं सामान. बाहेरून लोखंडी कडं, आत रबरी ओठ, ओठामागे त्याला शाफ्टवर दाबून धरणारी केसाएवढी बारीक गोल स्प्रिंग, आणि बाहेरच्या बाजूला धूळ अडवणारा दुसरा छोटा ओठ. जुन्या सीलवर बहुतेक वेळा तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. कंपनीचा भाग मिळाला नाही तर याच आकड्यांवर बाजारातून सील येतं. आकडे जुळले म्हणून रबर जुळतंच असं नाही. स्वस्त रबर उन्हाळ्यात तापून कडक होतं आणि मग ओठाला चिरा पडतात.

एक गोष्ट मालकाच्या ध्यानीमनी नसते. ट्रान्सफरच्या डोक्यावर हवा जायला-यायला एक छोटं तोंड असतं, ब्रीदर. गाडी तापली की आतली हवा फुगते आणि ती या वाटेने बाहेर पडायला हवी. मातीने ब्रीदर बुजला की त्याचं शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं होतं. हवा सर्वांत कच्च्या जागेतून वाट काढते, म्हणजे सीलच्या ओठाखालून, आणि जाताना तेल घेऊन जाते. तारेने ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागत नाहीत. या गॅरेजात शक्य तिथे त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड वर, चिखलपाण्याच्या पलीकडे नेऊन बांधतात.

नवं सील बसवताना ओठाला ग्रीस लावतात, नाहीतर पहिल्याच फेऱ्यांत कोरडा ओठ करपतो. ते हातोडीने थेट ठोकत नाहीत. त्याच मापाचा पाइपचा तुकडा वर ठेवून चहूकडून हलके ठोके देतात. तिरकं बसलेलं सील गळतंच. फ्लँज चढवल्यावर नटाखालच्या वॉशरला थोडं सीलंट लागतं, कारण शाफ्टच्या खाचांमधूनही तेल झिरपून नटापाशी येतं आणि बाहेरून ते सीलमधूनच आल्यासारखं वाटतं. नट पूर्ण आवळतात आणि त्याची कड पंचने शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवतात.

चढवण्याआधी तिन्ही माउंटिंगचं रबर दाबून पाहतात. फाटलेल्या माउंटिंगवर पेटी एका बाजूला लोंबते, आखूड शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस लवकर जातो आणि हादरे पुन्हा सीलपर्यंत पोचतात. मग उलट्या क्रमाने सगळं जोडून, भरणीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत नवं तेल. ते आठशे मिलीच्या जवळपास बसतं. बरंच कमी बसलं तर जुनं नीट निथळलेलं नाही किंवा गाडी तिरकी उभी आहे. गाडी फिरवून आणल्यावर फ्लँजभोवती दिसणारा हलका ओलावा बहुधा ओठाला लावलेल्या ग्रीसचा असतो, तो पुसून टाकतात. मालकाला आठवड्याभराने पोट दाखवायला बोलावलेलं असतं. तेव्हा पुन्हा करंगळी घालून पातळी पाहतात आणि पत्र्यावरून कोरडी चिंधी फिरवतात. चिंधी काळी निघाली तर मिस्त्री सीलला हात लावत नाहीत. आधी नटापाशी पाहतात, मग बेअरिंगकडे.