डब्यात तूप, पाकिटात नोटा : नेदरलँड्सच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी

ॲमस्टेलवीन, आइंडहोवन, द हेग ही नावे पुण्यातल्या अनेक घरांत आता सहज कानावर पडतात. मुलगा किंवा लेक तिथे नोकरीला, नातवंडाचे बारसे किंवा ट्युलिपचा हंगाम साधून आईवडिलांचा दीड-दोन महिन्यांचा मुक्काम, हा बेत नवा राहिलेला नाही. अलीकडे त्याला एक जोड मिळते, ती पाण्यावरच्या प्रवासाची. ॲमस्टरडॅम किंवा रॉटरडॅमहून सुटणारी क्रूझ, रात्री निघून सकाळी इंग्लंडला पोचवणारी फेरी, नाहीतर मुलांनी भाड्याने घेतलेली छोटी बोट. विमानाने जाताना काय न्यावे, किती पैसे जवळ ठेवावेत याची चौकशी सगळेच करतात. बोटीने देशाबाहेर पडलो की व्हिसा, कस्टम्स आणि करपरतावा हे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे मात्र धक्क्यावर रांगेत उभे राहिल्यावर कळते.

किती नोटा न्यायच्या?

आपल्या बाजूचा नियम आधी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंतचे परकीय चलन वापरता येते. पण नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे युरोच घेता येतात. बाकीचे फॉरेक्स कार्डावर. चलन विकणाऱ्याला पॅन द्यावा लागतो आणि ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचे चलन रोख रुपये मोजून मिळत नाही, पैसे खात्यातूनच द्यावे लागतात. वर्षभरात एलआरएसखालची रक्कम दहा लाख रुपयांच्या पुढे गेली, तर वरच्या रकमेवर सहलखर्चासाठी २० टक्के टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. भारतीय रुपये खिशात असले तर ते २५ हजारांपर्यंतच. परतल्यावर लोहगावहून किंवा मुंबईहून घरी येण्याच्या टॅक्सीपुरते ठेवावेत.

युरोपीय संघाची मर्यादा वेगळी आहे. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख जवळ असेल, तर ती आत जाताना आणि बाहेर पडतानाही जाहीर करावी लागते. ३ जून २०२१पासून या 'रोख' शब्दात सोन्याची नाणी आणि शुद्ध सोन्याची बिस्किटेही आली. अंगावरचे दागिने त्यात मोजत नाहीत. बारशाला नातवासाठी वळे-मनगट्या नेणाऱ्यांनी त्याची चिंता करू नये; मात्र दागिने खरोखर महागाचे असतील, तर निघताना आपल्याच विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. परत येताना 'हे तिकडून घेतले का?' या प्रश्नाला कागदाचे उत्तर असलेले बरे. वेळ लागतो, म्हणून तासभर आधी पोचावे.

आता खरी गंमत. एवढे करून नेलेल्या नोटा तिथे खपवायच्या कुठे, हाच प्रश्न पडतो. नेदरलँड्समध्ये बेकरी, कॅफे, संग्रहालये, बस, ट्राम सगळीकडे कार्ड चालते आणि अनेक ठिकाणी फक्त कार्डच चालते. दारावर 'पिन ओन्ली' असे लिहिलेले दिसले, तर आत नोट काढण्यात अर्थ नाही. बसमध्ये चालकाकडे रोख देऊन तिकीट मिळत नाही. २०० युरोची नोट तर बहुतेक दुकानदार हातातही घेत नाहीत. त्यामुळे चलन घेताना ५, १० आणि २० युरोच्याच नोटा मागाव्यात आणि दोघांत मिळून दोन-तीनशे युरोपेक्षा जास्त रोख नेऊ नये, असे आमचे मत. रोखीत बिल दिले, तर एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटला पूर्ण केली जाते. दोन सेंट कमी दिले म्हणून वाद घालू नये.

कार्ड चालत नाही, असे का होते?

बहुतेक वेळा कार्ड चांगले असते, त्याची परदेशातली दारे बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या व्यवहारांसाठी सुरू असते. परदेशी व्यवहार आणि स्पर्शाने पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण सुरू करायची असते. हे काम पुण्यात, घरच्या वायफायवर करावे. तिकडे पोचल्यावर ओटीपी येणारा मोबाइल नंबर बंद असला, तर सगळेच अडते. म्हणून त्या नंबरचे रोमिंगही आधीच तपासून घ्यावे.

स्पर्शाने पैसे देण्याची सोय का हवी, तर तिथली सार्वजनिक वाहतूक त्यावर चालते. रेल्वे, मेट्रो, ट्राम आणि बसमध्ये चढताना बँकेचे कार्ड यंत्राला लावायचे, उतरताना पुन्हा लावायचे. भाडे आपोआप कापले जाते. माणशी एक कार्ड लागते. नवरा-बायकोने एकाच कार्डावर जाता येत नाही. उतरताना लावायला विसरलात, तर प्रवासाच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम कापली जाते.

दुकानातले किंवा एटीएमचे यंत्र कधी कधी अगदी आपुलकीने विचारते : रुपयांत द्यायचे की युरोत? नेहमी युरो निवडावा. रुपये निवडले की दर त्या यंत्राचा मालक लावतो, आणि तो आपल्या फायद्याचा नसतो. साध्या क्रेडिट कार्डावर चलनबदलाचे साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डाला युरोत खर्च करताना हा बदलाचा खर्च पडत नाही, म्हणून रोजच्या खर्चाला तेच बरे. क्रेडिट कार्ड हॉटेलच्या आणि क्रूझच्या अनामतीसाठी ठेवावे. जहाजावर रोख चालत नाही. प्रत्येक प्रवाशाचे खाते उघडून त्यासाठी कार्डावरची काही रक्कम अडवून ठेवतात. ती फॉरेक्स कार्डावर अडकली, तर ऐन प्रवासात हाती पैसे उरत नाहीत.

डब्यातले काय चालते?

इथे पुणेकरांचे सर्वात जास्त नुकसान होते. विमानतळावरच्या कस्टम्सला सामानाच्या किमतीइतकीच त्यातल्या दुधाची आणि मांसाची काळजी असते. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून आणायला बंदी आहे. जनावरांचे रोग येऊ नयेत, हे त्यामागचे कारण. साजूक तूप, पनीर, चक्का, श्रीखंड हे सगळे त्यात आले. पेढे आणि बर्फी म्हणजे खव्याचा, पर्यायाने दुधाचाच माल. 'मिठाई आहे' म्हणून अधिकाऱ्याशी हुज्जत घालण्यात शहाणपण नाही. सापडले की ते नष्ट करतात आणि दंडही होऊ शकतो. लहान मुलांची दूध पावडर आणि बेबीफूड मात्र माणशी दोन किलोपर्यंत चालते. ते न उघडलेले, कंपनीच्या वेष्टनातले आणि फ्रिजबाहेर टिकणारे हवे.

उलट मासे चालतात. माणशी २० किलोपर्यंत. सुके बोंबील आणि सोडे जातील, पण घरचे रवाळ तूप जाणार नाही, हे ऐकून सदाशिव पेठेला काय वाटेल ते सांगता येत नाही. मध दोन किलोपर्यंत नेता येतो. मसाले, मेतकूट, पापड, चकली, बाकरवडी यांना अडचण नाही. तुपातल्या बेसन लाडवांबद्दल खात्री नसेल, तर लाल मार्गिकेत जाऊन स्वतःहून डबा उघडून दाखवावा. जाहीर केलेल्या वस्तूवरून फार तर वस्तू जाते. लपवलेली सापडली, तर दंडाची वेळ येते.

फळे आणि भाज्यांचा नियम १४ डिसेंबर २०१९पासून कडक झाला. ताजी फळे, भाज्या, पाने, फुले, सगळ्याला रोगमुक्तीचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अपवाद पाचच : अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे ओटीचा नारळ बिनघोर न्यावा. कढीपत्ता, विड्याची पाने आणि हापूसची पेटी नेऊ नये. फळमाशीमुळे युरोपीय संघाने २०१४मध्ये भारतीय आंब्यावर बंदीच घातली होती, ती पुढच्या वर्षी उठली. तेव्हापासून व्यापारी आंबा प्रक्रिया आणि तपासणी होऊन जातो. घरून नेलेल्या पेटीवर तशी कोणतीच मोहर नसते. तुपावाचून तिथे अडतही नाही. सुरिनामहून आलेला हिंदुस्थानी समाज द हेगमध्ये मोठ्या संख्येने आहे. त्यांच्या दुकानांत तूप, डाळी, कारली, कढीपत्ता सगळे मिळते.

बोटीत बसल्यावर काय बदलते?

नेदरलँड्समधून इंग्लंडला जाणाऱ्या प्रवासी फेऱ्या तीन ठिकाणांहून सुटतात : हुक व्हॅन हॉलंडहून हार्विच, आयमॉयडनहून न्यूकॅसल आणि रॉटरडॅमच्या युरोपोर्टहून हल. तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्टमधल्या शेंगेन व्हिसावर प्रवेशांचा आकडा बघावा. तिथे '०१' लिहिलेले असेल, तर इंग्लंडला उतरताच तो व्हिसा संपला. दिवस शिल्लक असले तरी परत येता येत नाही. लेकीचे घर हॉलंडात, सामान तिथे, आणि आपण हार्विचच्या धक्क्यावर, अशी अवस्था होऊ शकते. इंग्लंडचा व्हिसा वेगळा लागतो हे बहुतेकांना ठाऊक असते. परतीच्या प्रवेशाचा विचार राहून जातो. क्रूझ घेतानाही जहाज कोणकोणत्या बंदरांना लागणार, हे आधी पाहावे. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. व्हिसा अर्ज करतानाच प्रवासाचा हा टप्पा दाखवून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा.

परतताना कस्टम्स पुन्हा आहेच. युरोपीय संघाबाहेरून समुद्रमार्गे येणाऱ्याला ४३० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात. १७ वर्षांवरील व्यक्तीला एक लिटर कडक मद्य आणि चार लिटर वाइनची सवलत वेगळी. दूध आणि मांसाची बंदी इंग्लंडहून येतानाही लागू होते. इंग्लंडला जातानाचेही लक्षात ठेवावे : लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे ब्रिटनने एप्रिल २०२५मध्ये युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातल्या चीजवर आणि इतर दुग्धजन्य पदार्थांवर बंदी घातली. तेव्हा मैत्रिणीला लंडनला गौडा चीज भेट द्यायचे ठरवले असेल, तर त्या आठवड्यातला नियम बघूनच घ्यावे.

देशाच्या आतले पाणी मात्र सोपे आहे. ॲमस्टरडॅम सेंट्रल स्थानकामागून आय जलमार्ग ओलांडणाऱ्या फेऱ्या पादचाऱ्यांना फुकट आहेत. डेन हेल्डरहून टेक्सेल बेटावर जाताना एकदाच तिकीट काढायचे, परतीचे त्यातच असते. १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बोट चालवायला परवाना लागत नाही, म्हणून मुले हौसेने बोट भाड्याने घेतात. फ्रिसलँडमध्ये अशा बोटीतून फिरायचे असेल, तर सुटी नाणी जवळ असू द्या. काही उचलत्या पुलांवर पूलरक्षक अजूनही दोरीला बांधलेला लाकडी जोडा बोटीवर सोडतो आणि टोलची नाणी त्यात टाकायची असतात. कार्डांच्या देशात खुर्दा लागतो तो असा.

उरलेले पैसे, करपरतावा आणि चीज

नेदरलँड्समध्ये बहुतेक वस्तूंवर २१ टक्के व्हॅट असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला ५० युरोपेक्षा जास्त रकमेच्या बिलावर तो परत मिळू शकतो. तिथे राहणाऱ्या मुलाला मिळत नाही, म्हणून खरेदी आणि करमुक्तीचा अर्ज दोन्ही पाहुण्याच्या नावावर हवेत. कस्टम्सची मान्यता युरोपीय संघ सोडताना घ्यायची असते, आणि वस्तू दाखवावी लागू शकते, म्हणून बॅग आत टाकण्यापूर्वी. फेरीने इंग्लंडला जाऊन लंडनहून मुंबईचे विमान धरणार असाल, तर ती मान्यता डच बंदरावरच घ्या. हीथ्रोवर ती मिळत नाही.

मुलांनी निघताना हातात युरो ठेवले, तर ते आणायला हरकत नाही. पण नोटा ५,००० डॉलरच्या किमतीहून जास्त किंवा एकूण चलन १०,००० डॉलरहून जास्त असेल, तर भारतात उतरल्यावर चलन जाहीरनामा भरावा लागतो. उरलेले चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला द्यायचे. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा पुढच्या खेपेसाठी घरी ठेवता येतात, आणि नाणी कितीही.

चीज आणि ट्युलिपचे कंद या दोन वस्तू सगळेच आणतात. आपल्या कस्टम्सच्या जाहीरनाम्यात दुग्धजन्य पदार्थ आणि लागवडीचे साहित्य असे रकाने स्वतंत्र आहेत. कंद हा लागवडीचा माल आहे, त्याला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. दुकानदाराने दिलेली सुंदर पिशवी त्याऐवजी चालत नाही. पुण्याच्या उन्हात ते फुलण्याची शक्यताही फारशी नाही.

कुणाच्या कपाटात जुन्या सहलीतल्या गिल्डरच्या नोटा पडून असतील, तर त्या या खेपेला सोबत न्याव्यात. नाण्यांची मुदत २००७मध्येच संपली. नोटा मात्र डच मध्यवर्ती बँक १ जानेवारी २०३२पर्यंत बदलून देते.