मासा जुनाच, पत्ता नवा

नांदेड जिल्ह्यातल्या मन्याड नदीवर जाळ्यात कधी न पाहिलेला मासा लागला, की नायगावकडे दोन तर्क हमखास निघतील. एकतर नवी जात सापडली, नाहीतर पुरात वाहून आला.

ओळखीची जात माहीत असलेल्या हद्दीबाहेर मिळाली, तर ती जात नवी होत नाही. स्थळाची नोंद तेवढी नवी. आणि तीही मोबाइलमधल्या फोटोवर टिकत नाही. मासा फॉर्मलिनमध्ये ठेवावा लागतो, पराचा तुकडा मात्र आधीच कापून अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मलिनने डीएनए खराब होतो. सोबत नेमकी जागा आणि तारीख. पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे. नमुना तिथे जमा असला, तर शंका येणाऱ्याला तो पुन्हा तपासता येतो.

‘आधी नोंद नाही, म्हणजे मासा नव्हताच’ हा समज तर अभ्यासकांनाही चकवतो. दख्खनच्या माशांचा पहिला मोठा अभ्यास कर्नल साइक्सचा, 1839 च्या सुमाराचा. तो मुंबई सरकारचा अधिकारी. त्याचे पाय भीमा, मुळा-मुठेकाठी फिरले. मराठवाडा तेव्हा निजामाकडे. पुण्याच्या माशांच्या याद्या भरगच्च आणि मन्याड-मांजरेच्या विरळ, यात माशांपेक्षा माणसांच्या फिरण्याचाच हिशेब जास्त दिसतो.

पुराचे म्हणाल, तर मासे नुसते वाहत नाहीत, चढतातही. पावसाळ्यात अंडी घालायला अनेक जाती प्रवाहाविरुद्ध निघतात. मन्याड मांजरेला मिळते, मांजरा कंदकुर्तीला गोदावरीला. हा संगम गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या खाली आहे. म्हणजे आणखी खालच्या पोचंपाडच्या जलाशयातून मन्याडकडे येणाऱ्या माशाला बाभळी आडवी येत नाही. नांदेडकडे जाणाऱ्याला येते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार तिचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. पाणीवाटपाचा हा निवाडा माशांच्याही सोयीचा ठरावा, हे कुणाच्या मनातही नसेल.

कोरड्या डबक्यात पहिल्या पावसानंतर मरळ दिसली, की ‘आभाळातून पडली’ म्हणतात. मरळ हवेतून श्वास घेते, ओल्या चिखलात तग धरते, ओलसर जमिनीवरून थोडे अंतर सरपटतेही. आभाळाला बोल लावायची गरज नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र ‘नवी नोंद म्हणजे आनंदाची बातमी’ हाच. ती माणसाने बाहेरून आणून सोडलेल्या माशाचीही असू शकते. साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिलेला खुद्री महसीर टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात वाढवला गेला आणि त्याचे बीज दूर कावेरीतही सोडले गेले. तिथे तो फोफावला, तर कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला. उजनीत चिलापी आहेच, वर मत्स्यालयातून सुटलेला दक्षिण अमेरिकी सकरही आला. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आणली 1952 मध्ये.

म्हणून अनोळखी मासा मिळाला, की आधी त्याचे सोबती शोधावेत. एकटा मोठा मासा कुणाच्या तळ्यातून निसटलेला असू शकतो. अंड्यांनी भरलेली मादी आणि बोटभर पिल्ले एकाच ओढ्यात मिळाली, तर मात्र त्या जातीने तिथे बिऱ्हाड केले आहे.