घोटीची मरळ

मासळी म्हणजे पापलेट आणि सुरमई, एवढेच आम्हां मुंबईकरांना ठाऊक. गोड्या पाण्यातली मरळ मला भेटली ती घोटीला, मामांकडे. दारणा नदीवरचे धरण १९१६ सालचे. त्या पाण्याच्या काठी मामांचे सारे आयुष्य गेले.

"भाच्या, गळ मागाहून टाक. आधी ओळख करून घे," ते म्हणाले.

मरळीचे डोके सापासारखे चपटे, अंग लांब नि गोलसर, पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत सलग. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. हवा गिळायला ती मधूनमधून वर येते. गवताच्या कडेला असे पाणी हलले, की गळाला लावलेली बेडकी तिथे अलगद खेळवायची. झडप पडताच ओढायचे नाही. आमिष नीट गिळू द्यायचे, मग झटका!

तेवढ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला. मी गळ सरसावला. मामांनी माझे मनगट धरले.

"पिले वर, म्हणजे आईबाप खाली राखणीला. आत्ता ती गळावर भुकेने नाही, रागाने धावेल. सहज मिळेल. पण मग ही पिले बाकीचे मासे खातील."

घरी मामींनी मसाला वाटून ठेवला होता. त्यात त्या रात्री बटाटे शिजले.

"दिवाळी झाली की ये," मामा हसून म्हणाले. "तोवर पिले पांगलेली असतील."