मूळ प्रत आणि स्कॅन : जुन्या छायाचित्रांचे संगणकीय जतन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• छायाचित्राची मूळ प्रत व वापराची प्रत यांतील भेद सांगता येईल.
• स्कॅनमधील नेहमीचे दोष ओळखून त्यांची कारणे स्पष्ट करता येतील.
• घरातील निगेटिव्ह व छायाचित्रे योग्य रीतीने स्कॅन करता येतील.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पाठचिकित्सेचा एक मूलभूत नियम आहे. हस्तलिखितातील पाठ प्रथम जसा आहे तसा उतरवून घ्यावा. दुरुस्ती सुचवायची असल्यास ती वेगळी नोंदवावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी आयुष्यभर अस्सल कागदपत्रांचा शोध घेतला. धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात जुने दस्तऐवज जपत आहे. छायाचित्र हाही दस्तऐवजच होय. खानदेशातील एखाद्या घरात १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाला गेलेल्या आजोबांचे छायाचित्र सापडू शकते. एखाद्या घरात लग्नाच्या निगेटिव्हची पट्टी मिळेल. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या फिल्मचे रंग अशा उष्णतेत लवकर विटतात. अॅसिटेटची फिल्म कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो व ती आक्रसते. अशा फिल्मचा स्कॅन पुढे कदाचित एकमेव पुरावा ठरेल. म्हणून तो कसा करावा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

विषय-विवेचन

१. संगणक परस्पर करतो त्या दुरुस्त्या

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे उदाहरण विचारात घेऊ. ते ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणासाठी ओळखले जातात. या प्रकारात टेबलावर लहान वस्तू मांडून, प्रकाशाच्या योजनेतून विस्तीर्ण दृश्याचा आभास निर्माण केला जातो. येथे काळोखाचा भाग हा चित्राच्या अर्थाचाच भाग असतो. आता असे चित्र स्कॅनरवर ठेवून ‘ऑटो’ हा पर्याय निवडल्यास काय होईल? सॉफ्टवेअर सरासरी उजेडाचा हिशेब करते, चित्र फार काळे आहे असे ठरवते आणि सावल्या उजळून टाकते. दृश्य ‘स्वच्छ’ दिसते; मात्र छायाचित्रकाराने योजलेली सावली नाहीशी होते.

म्हणून पहिल्या स्कॅनच्या वेळी आपोआप उजळणे, धार वाढवणे, रंग परत आणणे व धूळ काढणे हे पर्याय बंद ठेवावेत. हिस्टोग्राम हा आलेख पाहावा. तो डाव्या किंवा उजव्या टोकाला कापल्यासारखा दिसत असेल, तर सावलीतील किंवा उजेडातील तपशील नष्ट होत आहे असे समजावे. पांढऱ्या धोतराच्या चुण्या एकदा सपाट पांढऱ्या झाल्या, की नंतर कोणत्याही दुरुस्तीने त्या परत येत नाहीत.

२. नेहमीचे दोष व उपाय

अ) प्रत्येक चित्राचा उजेड वेगळा येणे : निवडीच्या चौकटीत फिल्मची कडा किंवा धारकाची काळी पट्टी आली, की सॉफ्टवेअर तीही हिशेबात धरते. उजेडाचे मापन करताना चौकट चित्राच्या किंचित आत घ्यावी.

आ) रंगीत निगेटिव्ह निळसर वा हिरवट येणे : रंगीत निगेटिव्हला मुळातच नारिंगी छटा असते. फिल्मचा प्रकार चुकीचा निवडल्यास ती नीट वजा होत नाही. प्रकार बरोबर असूनही चित्रागणिक रंग बदलत असल्यास, दोन चित्रांमधील कोऱ्या पट्टीवरून मूळ छटा मोजावी व ती संपूर्ण रोलसाठी कायम करावी. व्ह्यूस्कॅनसारख्या प्रणालींत ही सोय आहे.

इ) कृष्णधवल चित्रात चेहरे पुसट वा डागाळलेले दिसणे : धूळ काढण्याची अवरक्त किरणांची सोय चालू राहिली असण्याची शक्यता असते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यातून हे किरण आरपार जातात, धुळीमुळे अडतात. त्यावरून धूळ ओळखली जाते. कृष्णधवल फिल्मची प्रतिमा मात्र चांदीच्या कणांची असते. ते कणही किरण अडवतात आणि सॉफ्टवेअर प्रतिमेलाच धूळ समजते. अशा फिल्मसाठी ही सोय बंद ठेवावी व धूळ हवेच्या फुग्याने उडवावी.

ई) चित्रभर सरळ रेषा उमटणे : स्कॅनर प्रारंभी काचेच्या ठरावीक भागावर स्वतःचे मापन करतो. तेथे धूळ असली किंवा धारकाची मोकळी खाच झाकली गेली, तर चूक प्रत्येक ओळीत उतरते. तो भाग पुसून स्कॅनर पुन्हा चालू करावा.

उ) इंद्रधनुषी वलये : फिल्म काचेला चिकटल्याने ती उमटतात. फिल्म धारकातच बसवावी.

ऊ) चित्र उलटे येणे : फिल्मची मंद, निस्तेज बाजू चुकीच्या दिशेला आली, की डावे-उजवे बदलते. साडीचा पदर कोणत्या खांद्यावर आहे, यावरून अंदाज बांधू नये. नेसण्याच्या पद्धतीनुसार तो बदलतो. दुकानाच्या पाटीवरील अक्षरे हा खात्रीचा पुरावा होय.

३. किती सूक्ष्म स्कॅन करावा?

स्कॅनरच्या खोक्यावरील मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नये. भिंगाची खरी क्षमता संपल्यावर सॉफ्टवेअर मधले बिंदू कल्पनेने भरते. त्यामुळे फाईल फुगते, तपशील वाढत नाही. कागदी छायाचित्राला ६०० डीपीआय सहसा पुरेसे होते. ३५ मि.मी. फिल्मवरील चित्र केवळ २४ × ३६ मि.मी. असते, म्हणून तेथे २४०० किंवा अधिक हवे. २४०० ला लांब बाजूवर सुमारे ३४०० बिंदू मिळतात व त्यातून ११ इंच लांबीची छपाई चांगली होते.

४. दोन प्रती

मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, शक्य असल्यास प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून जतन करावा व त्याला पुन्हा हात लावू नये. त्याची नक्कल घेऊन तीवर ओरखडे काढणे, रंग सुधारणे ही कामे करावीत; नातेवाइकांना पाठवायची जेपेग प्रतही त्यातूनच काढावी. छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या तरी हाताने लिहिलेले नाव तेथेच मिळते. स्कॅन झाला म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नये. ती थंड, कोरड्या जागी ठेवावी.

सारांश

स्कॅनिंगमध्ये दोन कामे आहेत : नोंद घेणे आणि सुधारणे. सॉफ्टवेअर ती एकाच क्षणी उरकू पाहते; अभ्यासकाने ती वेगळी ठेवावीत. सुधारणा पुन्हा करता येते, परंतु विटत चाललेल्या फिल्मची नोंद पुन्हा घेता येईलच असे नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कृष्णधवल फिल्मसाठी अवरक्त धूळ-निवारण का वापरू नये?
२. पाठचिकित्सेचा नियम छायाचित्राच्या स्कॅनला कसा लागू पडतो, ते सोदाहरण लिहा.
३. आपल्या घरातील एक जुने छायाचित्र दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. त्यातील व्यक्ती, स्थळ व काळ यांची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून टिपण तयार करा.