जागेवरची नोंद

पहाटे 5.30
लातूर, औसा रोड. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीत टेबल, त्यावर जुना लॅपटॉप. ती चोवीस वर्षांची, बीसीए झालेली. दुकानांच्या वेबसाइट करून महिन्याला बारा-चौदा हजार मिळवते. आजचं काम मात्र स्वतःचं आहे. नीटच्या तयारीसाठी लातुरात आणि नांदेडात पोरं येतात. खोली, मेस, अभ्यासिका शोधत फिरतात. त्यांच्यासाठी ती एक वेब अॅप उभं करते आहे. जिथे उभे असाल तिथल्या इतरांच्या नोंदी वाचायच्या, आपली लिहायची. डाउनलोड काही नाही, नुसती लिंक. पोरांच्या फोनमध्ये जागा उरलेली नसते, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

6.00
सर्व्हर भाड्याचा, महिना साडेचारशे. वेबसाइटच्या नावाचे वर्षाला आठशे. काळ्या पडद्यावर ती एकेक आज्ञा टाइप करते. आधी डेटाबेस, मग सुरक्षेचं प्रमाणपत्र. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर ब्राउझर लोकेशन देतच नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण मुदत 90 दिवसांची. ते आपोआप नवं व्हावं म्हणून ती एक ओळ लिहून ठेवते. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. 2004 पासून जगभरच्या लोकांनी रस्ते चालून, घरं मोजून तो भरला आहे. कोपऱ्यात त्यांचं श्रेय लिहावंच लागतं. ती ते आधी लिहिते.

6.50
पहिली पिन टाकली. लातूर म्हणजे अक्षांश 18.40, रेखांश 76.56. पिन पडली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ, थेट आर्क्टिक समुद्रात. साठवणीच्या पद्धतीत रेखांश आधी येतो, नकाशाला अक्षांश आधी लागतो. आकड्यांची अदलाबदल झाली की लातूर उत्तर ध्रुवाकडे जातं. ती दोन आकडे फिरवते. पिन औसा रोडवर येते.

7.40
गंजगोलाई, लातूरची गोल बाजारपेठ. शटर अजून खाली, झाडलोट चालू. या गोलाला सोळा रस्ते येऊन मिळतात. लोकेशनची परीक्षा घ्यायला अशी जागा शोधून सापडायची नाही. फोन आकडा देतो आणि सोबत सांगतो, चूक 24 मीटरपर्यंत असू शकते. चोवीस मीटरच्या वर्तुळात इथे तीन रस्त्यांची तोंडं येतात. सराफ्याची नोंद शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसते. ती गोल चालते, थांबते, वहीत आकडे लिहिते, पुन्हा चालते. शेवटी ठरवते, फोनने परस्पर जागा ठरवायची नाही. जवळच्या चार जागा दाखवायच्या, माणसाने त्यातली निवडायची.

9.00
उद्योग भवन परिसर. शेअर रिक्षा, वीस रुपये. मेसच्या मावशी कणीक तिंबतायत. दोन वेळचा डबा महिना सव्वीसशे.
"काय लिहिणार गं माझ्याबद्दल?"
"जे असेल ते, मावशी. दर किती, सुट्टी कधी."
"मग लिही, रविवारी संध्याकाळी चूल बंद."
ती तिथेच उभी राहून लिहिते. पुढच्या गल्लीत ती पाण्याचे वार नोंदवते, टँकर कधी, बोअर आटतं कधी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. इथे खोली बघताना आईबाप भाड्याच्या आधी पाणी विचारतात.

10.15
नांदेडची एसटी. चाकूर, अहमदपूर, लोहा. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून सव्वाशेत भागतं. मधे रेंज जाते. न गेलेली नोंद फोनमध्येच थांबून रेंज आल्यावर पुढे सरकते का, हे ती याच रस्त्यावर तपासते. पहिल्यांदा सरकत नाही. लॅपटॉप मांडीवर उघडते. लोह्याच्या पुढे सरकते.

दुपारी 1.50
नांदेड, श्यामनगर. बारावीनंतर पुन्हा परीक्षेला बसलेला एक पोरगा नोंदी गोळा करतो. नोंदीमागे पाच रुपये. त्याने वीस आणल्या आहेत. ती एकेक उघडते. सहा नोंदींचे आकडे पाचव्या दशांशापर्यंत सारखे. पाचवा दशांश म्हणजे साधारण एक मीटर. सहाही एकाच टपरीवर बसून लिहिलेल्या.
"ताई, ऊन लई होतं ओ."
"असू दे. संध्याकाळी जा. पण जागेवर जाऊनच लिही."
चौदा नोंदींचे सत्तर रुपये ती त्याला मोजून देते, उसाचा रसही पाजते.

3.20
एका नोंदीत लिहिलंय, वरच्या मजल्यावर तीन मुली राहतात. चांगल्या मनानेच लिहिलं असेल. ती ती नोंद लगेच पुसते. मग नियमच घालते. मेस, अभ्यासिका, झेरॉक्स यांची जागा अचूक दाखवायची. राहत्या खोल्यांची फक्त तिसऱ्या दशांशापर्यंत, म्हणजे शंभरेक मीटरच्या अंदाजात. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. दिवसभरातलं हे सगळ्यात मोलाचं काम, आणि त्याला वीस मिनिटं लागली.

4.45
परतीची एसटी. फोन नऊ टक्क्यांवर.

रात्री 8.30
खोली. आधी बॅकअप, मग भात. हिशेब वहीत: एसटी अडीचशे, रिक्षा साठ, चहा-नाश्ता-रस सत्तर, नोंदींचे सत्तर. साडेचारशे गेले, आले काही नाही. उद्या सकाळी एका कापड दुकानाच्या वेबसाइटचं काम आहे, त्याचे पैसे येतील.

10.00
लिंक सुरू झाली. तुमच्या गल्लीत बाहेरगावची पोरं राहत असतील तर पाणी कोणत्या वारी येतं आणि रात्री कोणता दिवा बंद असतो, एवढं त्यांना नक्की सांगा.