विरार लोकलला एवढी गर्दी का?

मुलांनो, सकाळी विरारच्या गाडीत कधी चढला आहात? खरं म्हणजे चढावं लागतच नाही. दाराशी उभं राहायचं, मागची माणसं आपल्याला आपोआप आत नेऊन सोडतात! १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनाकडे पहिली लोकल सुटली, तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक एवढाच कारभार होता. मग ही एवढी माणसं विरारला राहायला आली तरी का? कामाजवळच घर घेतलं असतं तर?

आधी एक प्रयोग करू. खडू घ्या आणि गच्चीवर १० फूट रुंद, १६ फूट लांब असा चौकोन आखा. आता त्यात आजी, आई-बाबा, काका-काकू आणि चार मुलं बसवा. गॅस, पाण्याचं पिंप, कपाट आणि गाद्यांची वळकटी ठेवा. जागा उरली? वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली खोली साधारण एवढीच, १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळींत तीन-तीन पिढ्या वाढल्या. मुलगे मोठे झाले, लग्नं झाली, माळाही काढून झाला. गिरणगावात, गिरगावात घरोघरी हीच कथा. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "विरारला जागा स्वस्त मिळते म्हणतात." पागडीची खोली सोडून आलेल्या पैशांत तिकडे वन रूम किचन होत असे. १९८२चा गिरणी संप झाला आणि पगार थांबल्यावर तर कित्येकांना दुसरा रस्ताच उरला नाही.

"पण मुंबईतच आणखी घरं का नाही बांधली?" असं तुम्ही विचाराल. विचाराच! मुंबईच्या तीन बाजूंना पाणी आहे. वाढायचं तर उत्तरेकडेच, रुळांच्या कडेकडेनं. त्यात १९४७चा भाडे नियंत्रण कायदा. त्यानं घरभाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून ठेवली. गरीब भाडेकरूला त्याचा मोठा आधार झाला, हे विसरू नका. पण चाळमालकानं हिशेब केला: एवढ्या भाड्यात छप्पर गळलं तर दुरुस्ती कशी करू? आणि नवी चाळ कशाला बांधू? भाड्याची घरं बांधणंच हळूहळू बंद पडलं. माझ्या मते घरटंचाईचं हे कारण सर्वांत कमी सांगितलं जातं.

शिवाय एका जमिनीवर किती बांधायचं याचाही नियम असतो. त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. नाव अवघड, गोष्ट सोपी. हजार चौरस फुटांचा प्लॉट असेल आणि निर्देशांक १ असेल, तर सगळ्या मजल्यांवरच्या चटया मिळून हजार चौरस फुटांच्याच व्हायला हव्यात. निर्देशांक वाढवला की इमारत उंच होते, घरं वाढतात. पण नळ, गटार आणि रस्ता तोच राहिला तर? घोटाळा तिथेच होतो.

विरारकडे हेच झालं. वसई म्हणजे विहिरींचा, केळीच्या बागांचा आणि पानवेलींचा मुलूख. १९८०च्या दशकाच्या शेवटी शासनानं इथली बरीचशी हिरवी जमीन बांधकामासाठी खुली केली. गावकरी घाबरले. जमिनीवर काँक्रीट पडलं तर विहिरींना पाणी कुठून येणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली. घर हवं असणारा चाळकरी आणि बाग वाचवणारा शेतकरी, दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं.

माणसं येतच राहिली. २००१ साली विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरांत मिळून पावणेपाच लाखांच्या आत लोक होते. २००९ साली ती नगरं आणि भोवतालची गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या भरली १२ लाख २२ हजार!

आता एक कोडं. विरार पश्चिमेला बोळींज इथे म्हाडानं सुमारे दहा हजार घरं बांधली. एवढी टंचाई, म्हणजे लोकांच्या उड्या पडल्या असतील ना? छे! २०२३ सालीसुद्धा पाच हजारांच्या आसपास घरं विकायची राहिली होती. त्याचं मोठं कारण म्हणजे पाणी. नळच कोरडा असेल तर भिंतींचं काय करायचं? पुढे सूर्या योजनेचं पाणी आल्यावर गिऱ्हाईकं वाढली. वसई-विरारसाठी या योजनेत दिवसाला साडेअठरा कोटी लिटर पाणी ठरलं आहे. मात्र सूर्या नदीवरचं धरण मूळचं शेतीसाठी बांधलेलं, आणि "ते पाणी आमच्या शेतांचं" असं तिथले आदिवासी शेतकरी सांगत आले आहेत.

परवडणारं पक्कं घर मिळालं नाही की माणूस मिळेल ते घेतो. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्या २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. दप्तरं, सायकली आणि भांडीकुंडी रस्त्यावर आली. घर विकणारा पैसे घेऊन मोकळा, राहणारा उघड्यावर. त्याहून वाईट ऑगस्ट २०२५मध्ये घडलं. विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली बेकायदा इमारत मध्यरात्री कोसळली. आत एका छोटीचा पहिला वाढदिवस सुरू होता. सतरा माणसं गेली. इमारत शंभर वर्षांची नव्हती, अवघ्या तेरा-एक वर्षांची होती.

म्हणून आज जेवताना आई-बाबांना तीन गोष्टी विचारा. आपल्या इमारतीला महापालिकेची बांधकाम परवानगी आहे का? "इथे राहायला हरकत नाही" असं सांगणारा कागद, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालं आहे का? आणि नवं घर घ्यायचा विचार असेल तर त्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराकडे तपासला का? २०१७पासून ती सोय आहे. बाबा "उद्या बघू" म्हणाले, तर कपाटातली फाइल तुम्हीच काढून आणा!