सार्थवाहांच्या नावाची भाषा

चीनच्या गान्सू प्रांतात, लिन्शिया शहराच्या पूर्वेला, घळींनी चिरलेल्या कोरड्या डोंगरांवर राहणाऱ्या एका मुस्लीम समाजाला चिनी भाषेत ‘दोंगश्यांग’, म्हणजे ‘पूर्वेकडची गावे’, असे निव्वळ दिशा सांगणारे नाव मिळालेले असले, तरी तो स्वतःला ‘सार्ता’ किंवा ‘सांता’ म्हणवतो. हे नाव मराठी वाचकाला दूरचे वाटू नये, कारण व्यापाऱ्यांच्या तांड्याला संस्कृतात असलेला ‘सार्थ’ हा शब्दच मध्य आशियात ‘सार्त’ होऊन व्यापारी या अर्थाने रुळला, आणि पुढे मंगोलांनी तेथील मुस्लिमांना ‘सार्ताउल’ म्हटले, अशी त्याची व्युत्पत्ती मानली जाते. तेराव्या शतकातील मंगोल मोहिमांबरोबर पूर्वेकडे आलेले मध्य आशियाई लोक आणि स्थानिक समूह यांच्या मिश्रणातून हा समाज घडला असावा. २०२० च्या जनगणनेत त्याची संख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती.

धर्मामुळे ईश्वरासाठी ‘हुदा’ हा मूळचा फारसी शब्द भाषेत आला, पण तिचा सांगाडा मंगोलिक, म्हणजे मंगोल भाषाकुलातला, आहे. किंबहुना काही बाबतींत ती आजच्या मंगोलियाच्या प्रमाणभाषेपेक्षा जुनी आहे. मध्ययुगीन मंगोल भाषेत अनेक शब्दांच्या आरंभी असलेला ‘ह’ मंगोलियात गळून गेला, म्हणून ‘उलानबातर’ या राजधानीच्या नावात ‘लाल’साठी ‘उलान’ येतो. सांता भाषेत मात्र लाल म्हणजे ‘हुलान’, आणि ताऱ्याला मंगोलियात ‘ओद’ म्हणतात, तर येथे ‘होदुन’. उलट, एका शब्दातील स्वर एकाच गटातले ठेवण्याचा जो नियम स्वरसंवाद म्हणून ओळखला जातो, तो मंगोलियात टिकला आणि येथे ढासळला.

चिनीच्या दीर्घ सहवासाने केवळ शब्दसंग्रहच नव्हे, तर वाक्यरचनाही बदलली आहे. ‘आहे’ या अर्थाचे चिनी ‘शी’ वाक्याच्या मध्ये येते आणि त्याच अर्थाचे मूळ ‘वो’ शेवटची आपली जागा सोडत नाही, त्यामुळे एकाच वाक्यात दोन्ही भाषांच्या रचना शेजारी नांदतात. अशा भाषेला भ्रष्ट बोली म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मंगोलांची उभी लिपी येथे रुजली नाही. धर्मशिक्षण घेतलेले लोक अधूनमधून अरबी लिपीत आपली भाषा लिहीत आले, अलीकडे लॅटिन अक्षरांवर आधारलेली लेखनपद्धतीही तयार झाली, पण ती प्रायोगिकच राहिली आणि शाळेची भाषा चिनीच आहे. त्यामुळे ‘हुलान’मधला तो जुना ‘ह’ मुलांपर्यंत आजही मुख्यतः घरातल्या बोलण्यातूनच पोहोचतो.